रणांगणावरचा खोटा तराजू

२०२२ साली आलेला 'टॉप गन : मॅव्हरिक' हा चित्रपट जगभर चालला, आपल्याकडेही चालला. विमानांची छायाचित्रणकला थक्क करणारी आहे, यात शंका नाही. पण त्याच्या कथेकडे जरा थंड डोक्याने पाहावे. एका राष्ट्रात (त्या राष्ट्राचे नाव शेवटपर्यंत उच्चारले जात नाही) खोल दरीच्या तळाशी युरेनियम समृद्धीकरणाचा गुप्त प्रकल्प उभा आहे. दरीच्या कडांवर विमानवेधी क्षेपणास्त्रे मांडलेली आहेत. अमेरिकेकडे रडारला सहजी न सापडणारे एफ-३५ विमान आहे. मग ते का वापरायचे नाही? तर शत्रूने उपग्रहाधारित दिशादर्शन यंत्रणा निकामी केली आहे म्हणून. एका वाक्यात विषय मिटला. त्यामुळे आपल्या नायकांना जुन्या पिढीच्या एफ-१८ विमानांतून दरीत शिरणे भाग पडते. बरे, त्याच वेळी समुद्रावरच्या युद्धनौका दूर पल्ल्याची टॉमहॉक क्षेपणास्त्रे सोडून शत्रूच्या विमानतळाची धावपट्टी उखडून टाकतात. धावपट्टी उखडणाऱ्या या क्षेपणास्त्रांना दरीच्या कडेवरची मोर्चेबंदी मात्र दिसत नाही! कारण ती उद्ध्वस्त झाली, तर चित्रपट अर्ध्या तासात संपेल. आणि शेवटी, १९७४ साली सेवेत दाखल झालेले आणि अमेरिकेने २००६ साली निवृत्त केलेले एफ-१४ विमान शत्रूच्याच तळावर उभे सापडते. त्यात बसून आपला नायक पाचव्या पिढीच्या विमानांना लोळवतो.

कुस्तीच्या फडात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना या प्रकाराचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. ही नुरा कुस्ती आहे. बलदंड पैलवानाने अमुक वेळ खाली राहायचे, दुबळ्याने अमुक डाव टाकायचा आणि लोकांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळाले की मग ठरलेला निकाल लावायचा. फडातला जाणता प्रेक्षक नुरा कुस्ती पहिल्या दोन पकडींतच ओळखतो आणि उठून जातो. युद्धकथेचा वाचक मात्र तीच नुरा कुस्ती वर्षानुवर्षे पाहतो आहे, टाळ्याही वाजवतो आहे.

बलाढ्याच्या हातातले शस्त्र ऐन वेळी लुळे पडावे, दुर्बळाला ऐन वेळी शस्त्र सापडावे, जिंकत आलेल्या सेनापतीला अकस्मात मूर्खपणाचा झटका यावा, वादळ यावे, बिनतारी यंत्रणा बंद पडावी आणि हे सारे अशा हिशेबाने घडावे की दोन्ही पारडी शेवटच्या प्रकरणापर्यंत समपातळीत राहतील, ही या लेखनाची ठरलेली तऱ्हा. लष्करी कथालेखनाला जडलेला हा रोग जुना आहे आणि तो केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. ज्या समाजाला युद्धाचा प्रत्यक्ष अनुभव नसतो, त्याचे युद्धाविषयीचे ज्ञान बहुतांशी कथांतून आणि पडद्यावरून येते. युद्ध म्हणजे बरोबरीच्या दोन संघांतला सामना, असे ज्याच्या मनावर ठसते, त्याला प्रत्यक्ष युद्धाची बातमी वाचताना तिचा अर्थच लागत नाही.

'अहो, कथेत उत्कंठा हवी, एकतर्फी लढाई कोण वाचील?' असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. कौरवांच्या अकरा अक्षौहिणी आणि पांडवांच्या सात. व्यासांनी हे पारडे समतोल करण्याची तसदी घेतली नाही. श्रीकृष्णाची नारायणी सेना दुर्योधनाकडे गेली आणि नि:शस्त्र श्रीकृष्ण अर्जुनाकडे आला, तो दोघांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे केलेल्या निवडीमुळे. ग्रंथकाराने वरून हात घालून काही इकडचे तिकडे केले नाही. कर्णाची कवचकुंडले गेली, ती त्याच्या दातृत्वामुळे. त्यांच्या मोबदल्यात मिळालेली इंद्राची शक्ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली आणि एका रात्री घटोत्कचावर खर्च केली. म्हणजे कर्णाचे बळ पायरीपायरीने घटते खरे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे आणि प्रत्येक पायरीची कोणी ना कोणी किंमत मोजली आहे.

येथे एक चतुर आक्षेप संभवतो. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला तेव्हा जयद्रथाने उरलेल्या चार पांडवांना दाराशी अडवून धरले, ते वरदानाच्या बळावर. हे वरदान म्हणजे आजच्या भाषेत कथानकाची सोयच नव्हे काय? वरकरणी तसे वाटते. पण त्या वरदानाचे मूळ वनपर्वात आहे. द्रौपदीहरणाचा प्रयत्न फसला, मानहानी झाली, म्हणून जयद्रथाने तप केले आणि अर्जुनावाचून इतर पांडवांना एक दिवस रोखण्याचा वर मिळवला. त्या दिवशी अर्जुन तेथे का नव्हता? संशप्तकांनी त्याला दूर ओढून नेले होते म्हणून, आणि तो द्रोणांच्या योजनेचाच भाग होता. बीज एका पर्वात पेरलेले, फळ दुसऱ्या पर्वात. आणि फळ काय, तर सोळा वर्षांच्या मुलाचा मृत्यू. येथे पारडी समान झालेली नाहीत, ती अधिकच झुकली आहेत. उपग्रहयंत्रणा बिघडल्याचे एका ओळीत सांगून मोकळे होणाऱ्या पटकथाकाराला ही तुलना मानवणार नाही, हे आम्ही जाणतो.

पाश्चात्त्यांनाही हे कधीच कळले नव्हते, असे नाही. आधुनिक युद्धकथेचा आरंभ ज्या छोट्या पुस्तकापासून मानला जातो, ते 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' १८७१ साली प्रसिद्ध झाले. लेखक जॉर्ज चेस्नी हा हिंदुस्थानात नोकरी केलेला, १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला अभियंता अधिकारी. फ्रान्सचा जर्मनांनी केलेला पाडाव ताजा होता. चेस्नीने कल्पिले की उद्या हीच पाळी इंग्लंडवर आली तर? आरमार नव्या शस्त्रापुढे बुडालेले, सैन्य हिंदुस्थान, आयर्लंड, कॅनडा येथे विखुरलेले, घरी राहिलेले स्वयंसेवक धाडसी पण अडाणी. परिणाम एकच : सरळ पराभव. ऐन वेळी धावून येणारी कुमक नाही, शत्रूच्या सेनापतीला आलेला झटका नाही. त्या पुस्तकाने इंग्लंडची झोप उडाली आणि पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात अशा भयगंडाविरुद्ध बोलावे लागले. साम्राज्याच्या शत्रुत्वाचा आमचा इतिहास बाजूला ठेवूनही मान्य करावे लागते की या माणसाने तराजूला हात लावला नाही.

एका शतकानंतर त्याच देशातला एक मोठा सेनानी, जनरल सर जॉन हॅकेट, तिसऱ्या महायुद्धाची कथा लिहायला बसला. 'द थर्ड वर्ल्ड वॉर : ऑगस्ट १९८५' हे त्याचे पुस्तक १९७८ चे. सैन्याच्या हालचाली, दारूगोळ्याचा पुरवठा, राखीव दलांची उणीव यांचे त्याचे वर्णन जाणकाराचे आहे. पारंपरिक सैन्यबळ वाढवा, हा त्याचा आग्रहही प्रामाणिक. पण शेवट पाहा. सोव्हिएत संघ बर्मिंगहॅम शहर अण्वस्त्राने नष्ट करतो. पाश्चात्त्य राष्ट्रे मिन्स्क नष्ट करतात. एकास एक! आणि मग सोव्हिएत साम्राज्य आतून कोसळते. दोन शहरांतली लाखो माणसे येथे वजनमापासारखी दोन पारड्यांत ठेवली आहेत. या अदलाबदलीनंतर दोन्ही बाजूंचे हात आपोआप का थांबावेत, याचे पुरेसे उत्तर पुस्तकात मिळत नाही. पुस्तक संपवायचे होते, एवढेच ते उत्तर.

विशेष म्हणजे ही वाणसौदी रीत जुनी झालेली नाही. इलियट ॲकरमन आणि माजी ॲडमिरल जेम्स स्टॅव्हरिडिस यांची '२०३४' ही कादंबरी २०२१ साली आली. तीत अमेरिका आणि चीन यांचे युद्ध आहे. अमेरिकेचे तंत्रबळ प्रारंभीच चिनी संगणकी हल्ल्याने लुळे पडते. का, कसे, याचा तपशील धूसर. त्यानंतर शहरांचा हिशेब सुरू होतो. झानजिआंग गेले, त्याच्या उत्तरादाखल सॅन दिएगो आणि गॅल्व्हेस्टन गेली, मग शांघाय. आणि दोन्ही पारडी अशी रक्ताने ओथंबली की मध्ये पडून युद्ध थांबवायला लेखकांनी कोणाला आणले? भारताला. भारतीय आरमार आणि वायुदल दोघांनाही आवरतात. आपल्याकडचे काही वाचक यामुळे सुखावले. आम्हाला त्यात सुखावण्यासारखे काही दिसले नाही. कादंबरीच्या पूर्वार्धात जो भारत महासत्तांच्या गणितात जवळपास नाहीच, तो उत्तरार्धात सरपंच म्हणून प्रकटतो. तसे सामर्थ्य त्याने कसे मिळवले, कोणत्या कारखान्यांत, किती वर्षांत, कशाचा त्याग करून, याचा पत्ता नाही. तराजू स्थिर करायला कोणाचा तरी हात हवा होता, तो आपला निघाला, इतकेच. स्तुती म्हणून आलेली ही भूमिका वस्तुतः कथानकातली एक खुंटी आहे.

टॉम क्लॅन्सीला आपल्याकडचे विद्वान नाके मुरडतात. तथापि, या बाबतीत तो अनेकांहून प्रामाणिक ठरतो. 'रेड स्टॉर्म रायझिंग' (१९८६) लिहिताना त्याने लॅरी बाँड या सहकाऱ्याच्या नाविक युद्धखेळाचा आधार घेतला. सोव्हिएत सैन्य आइसलँड जिंकते, हा भाग ओढूनताणून आणलेला आहे, हे उघड आहे. अटलांटिकवरची पाळत तोडल्याखेरीज सोव्हिएत आरमाराला लढतीत आणता येत नव्हते. पण ती ओढाताण करताना लेखकाने घाम गाळला आहे. व्यापारी जहाजाच्या वेषातली वाहतूक, तिच्यातले धोके, तिची किंमत हे सारे पानोपानी येते. अमेरिकी विमानवाहू ताफ्यावरच्या हल्ल्याचे प्रकरण तर अभ्यासण्यासारखे आहे. सोव्हिएत बाजू फसवी उड्डाणे सोडते, संरक्षक विमाने त्यांच्यामागे धावतात आणि खरी बॉम्बफेकी विमाने भलत्याच दिशेने येतात. येथे बलाढ्याचे शस्त्र बिघडलेले नाही. त्याला फसवले गेले आहे, आणि फसवणाऱ्याने विचार केला आहे. 'बिघाड' आणि 'डाव' यांतले अंतर वाचकाला कळते. क्लॅन्सीचीही नाडी सुटते ती शेवटी. अण्वस्त्रांचा प्रश्न उभा राहताच मॉस्कोत सत्तापालट घडवून त्याने गाठ सोडवण्याऐवजी कापली आहे.

एव्हाना कोणाला वाटेल की हा परक्यांच्या घरचा कारभार आहे. तसे नाही. आपल्या हिंदी चित्रसृष्टीने या तराजूत आणखी एक पारडे घातले आहे. ते नैतिक बरोबरीचे. बळाच्या समतोलाला निदान उत्कंठेचे निमित्त तरी असते. येथे निमित्त बाजारपेठेचे असते. अमेरिकी निर्मातेही यात मागे नाहीत म्हणा. २०१२ साली पडद्यावर आलेल्या 'रेड डॉन'च्या नव्या आवृत्तीत आक्रमक म्हणून चिनी सैन्य चित्रित झाले होते. चिनी बाजार डोळ्यांपुढे आल्यावर संगणकाच्या साहाय्याने झेंडे बदलून ते उत्तर कोरियाचे करण्यात आले. एवढासा उत्तर कोरिया अमेरिका जिंकतो, हे मग प्रेक्षकाने मुकाट्याने गिळायचे!

आपल्याकडचे ठळक उदाहरण 'टायगर जिंदा है' (२०१७). २०१४ च्या उन्हाळ्यात इराकमधील तिक्रित येथे आपल्या ४६ परिचारिका, बहुतांश केरळच्या, अतिरेक्यांच्या ताब्यात सापडल्या. पडद्याआडच्या राजनैतिक हालचालींनी त्या जुलैत सुखरूप कोचीला पोहोचल्या. त्या इस्पितळात पाकिस्तानी परिचारिका नव्हत्या, पाकिस्तानी हेरखात्याचा त्या सुटकेशी संबंध नव्हता. चित्रपटात मात्र ओलिसांत पाकिस्तानी परिचारिका घातल्या गेल्या आणि दोन्ही देशांची हेरखाती खांद्याला खांदा लावून लढली. करमणुकीसाठी घेतलेले स्वातंत्र्य म्हणून हे कोणी सोडून देईल. पण त्याच जून २०१४ मध्ये मोसूल येथून ३९ भारतीय मजुरांचे अपहरण झाले होते. चित्रपट झळकला तेव्हा त्यांच्या घरची माणसे साडेतीन वर्षे वाट पाहत होती. मार्च २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितले की ते सर्व मारले गेले. ज्या वाळवंटात प्रत्यक्षात असा क्रूर असमतोल होता, तेथे पडद्यावर गोड समतोल नांदत होता. याच प्रसंगावर त्याच वर्षी 'टेक ऑफ' हा मल्याळम चित्रपट निघाला. परिचारिकांची भीती, इस्पितळातली कोंडी, दूतावासाची धावपळ एवढ्या ऐवजावर तो उभा राहिला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला. म्हणजे सत्य खपत नाही, ही सबबही खरी नाही.

ज्या भूमीत गनिमी काव्याचे शास्त्र घडले, तेथील लेखकाला तरी हा मोह पडू नये. समतोल मोडणे, हाच त्या शास्त्राचा गाभा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाएस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत उतरला. बरोबर मोठी फौज, तोफा, खजिना, आणि सोबतीला रायबागन. शिवाजी महाराजांनी पुढची वाट रोखली, मागची रोखली, माथ्यावर माणसे ठेवली. मोगली फौजेला पाणीसुद्धा मिळेना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामानसुमान टाकून, खंडणी देऊन तो परत फिरला. 'शिवभारत'कार परमानंदाने हा प्रसंग रंगवला आहे. आता समतोलवादी कादंबरीकाराच्या हाती हा प्रसंग द्या. तो खानाला मध्येच एखादी चोरवाट सापडवील, मावळ्यांतला एखादा फितूर करील, निदान तलवारीचे एक द्वंद्व तरी घुसडील. आणि तसे करताना तो मूळ गोष्टच मारून टाकील. कारण खानाला लढण्याची संधीच मिळू न देणे, यातच त्या दिवसाचे सारे बुद्धिवैभव आहे. तेथली उत्कंठा 'कोण जिंकेल' ही नसून 'खानाला केव्हा कळेल' ही आहे, आणि ती पुरेशी आहे.

उलट्या बाजूचा असमतोलही आपल्या वाट्याला आला आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला येथे १३ कुमाऊँची चार्ली तुकडी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली. सोळा हजार फुटांहून अधिक उंची, हाडे गोठवणारी थंडी, आणि मधल्या उंचवट्यामुळे आपल्या तोफांचा मारा तेथे पोहोचत नव्हता. जवळजवळ सारी तुकडी, शंभराहून अधिक जवान, जागेवर धारातीर्थी पडले. जे मोजके वाचून परतले, त्यांनी हकीकत सांगितली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला अनेकांचे मन तयार होईना. १९६३ च्या आरंभी बर्फातून ते देह सापडले. शस्त्रे हातात, मोर्चे न सोडलेले. तेव्हा कोठे शंका फिटली. लढाई अशीही असते, एक बाजू संपूर्ण संपते आणि तरीही हटत नाही, हे चित्र त्या ऐकणाऱ्यांच्या मनात आधी कोणी काढूनच ठेवले नव्हते.

आणि येथे आपल्याच मंडळींना एक गोष्ट ऐकवली पाहिजे. रेझांग लाची कथा सांगताना शत्रूचे किती पडले, याचा आकडा दर कथनागणिक फुगत जातो. हाही तराजूच! आपले शंभरावर पडले, मग त्यांचे हजारावर पडलेच पाहिजेत, असा हिशेब मांडल्याखेरीज आपल्याला त्या बलिदानाचे मोल वाटेनासे झाले आहे. शैतानसिंगांचे परमवीरचक्र शत्रूच्या प्रेतांच्या संख्येवर अवलंबून नाही. ते मोल शाबूत ठेवण्यासाठी आपल्या लेखणीच्या मदतीची त्यांना गरज नाही.

याचाच दुसरा नमुना लोंगेवालाचा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटातल्या या ठाण्यावर २३ पंजाबचे सुमारे सव्वाशे जवान होते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे प्रमुख. समोरून चाळीसच्या आसपास रणगाडे आणि सुमारे दोन हजारांची फौज. जैसलमेरची हंटर विमाने रात्री लढू शकत नव्हती. त्यामुळे उजाडेपर्यंत टिकून राहणे, एवढीच चांदपुरींपुढची समस्या. तारेचे कुंपण पाहून, पुढे सुरुंग पेरले असावेत या समजुतीने शत्रू थबकला. त्याचे रणगाडे वाळूत रुतले. वर त्याच्या विमानांचे छत्र नव्हते. पहाटे हंटर आली आणि सकाळच्या उजेडात वाळूवर उघडे पडलेले रणगाडे टिपत गेली. एवढ्या दिवसात आपले दोन जवान कामी आले. रात्र आणि पहाट यांमधले ते तास, ही कोणा पटकथाकाराने शोधलेली अडचण नव्हती, ती विमानाच्या रचनेतूनच आलेली होती. याहून चांगले कथानक कोणाला सुचले असते?

पण जे. पी. दत्ता यांच्या 'बॉर्डर'ला (१९९७) दोन मृत्यू अपुरे वाटले. एवढा मोठा विजय इतक्या स्वस्तात मिळाला, तर प्रेक्षकाचे डोळे ओले कसे व्हायचे? म्हणून पडद्यावर आपली माणसे एकामागून एक मारण्यात आली. रणगाड्यांची चाहूल घेणारे लेफ्टनंट धरमवीर चित्रपटात मेले, प्रत्यक्षात ते त्या लढाईतून सुखरूप बाहेर आले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड चित्रपटात शत्रूच्या रणगाड्यावर झेप घेऊन हुतात्मा झाले. प्रत्यक्षात त्यांनी त्या रात्री यंत्रबंदूक चालवली, १९७२ साली सेनापदक स्वीकारले, निवृत्त झाले आणि जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहिले. हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर ते पंचवीस वर्षे जगले. देशातली बहुसंख्य जनता तोपर्यंत त्यांना स्वर्गवासी समजून चुकली होती. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा ती बातमी देताना वृत्तपत्रांना आधी हे समजावून सांगावे लागले की पडद्यावर १९९७ साली मारले गेलेले भैरोसिंग ते हेच.